युक्तिवाद नेमका कुठे तुटतो?

समाजमाध्यमांवरच्या वादांतल्या तर्कदोषांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी तर्कदोषांची यादी जवळजवळ पाठ केली आहे. कुणी चुकलं की ‘हा व्यक्तिहल्ला’ (मुद्दा सोडून माणसावर टीका), ‘हे बुजगावणं’ (समोरचा बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालून खोडणं) असं लगेच दाखवून देतो. पण समोरचा मान्य तर करत नाहीच, उलट चिडतो. माझं काय चुकतं?

उत्तर : तुम्ही शिक्का मारता आणि थांबता. समोरच्याने दिलेल्या कारणातून त्याचा निष्कर्ष का निघत नाही, हे सांगायचं राहूनच जातं. खरं काम तेच आहे. ते केलंत तर दोषाचं नाव घ्यायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही.

समजा, ‘शाळेत मोबाइलवर बंदी हवी’ असं एका बाईंनी लिहिलं. त्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘यांना स्वतःला मूल नाही, यांना काय कळणार!’ इथे उत्तर लिहिण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. पहिली, त्याचा निष्कर्ष : बंदीची मागणी चुकीची आहे. दुसरी, त्याचं कारण : मागणी करणाऱ्या बाईंना मूल नाही. तिसरी, हे कारण खरं मानलं तर निष्कर्ष खरा ठरतो का? ठरत नाही, कारण बंदीमुळे वर्गातलं लक्ष वाढतं की नाही, हे बाईंना मूल असण्या-नसण्यावर ठरत नाही. आता उत्तर असं लिहा : ‘हेच वाक्य तीन मुलांच्या आईने लिहिलं असतं, तर बंदीचा परिणाम बदलला असता का? बंदी असलेल्या शाळांत काय झालं, त्यावर बोलू.’ यात ‘व्यक्तिहल्ला’ हा शब्द कुठेही नाही, पण वाचणाऱ्या प्रत्येकाला सांधा कुठे निखळला ते दिसतं.

दुसरी चूक याहून मोठी आहे. माणसाबद्दल बोललं की व्यक्तिहल्ला झालाच, असं नसतं. ऑनलाइन शिकवणीची उपकरणं विकणारा एखादा माणूस ‘माझा अनुभव सांगतो, मोबाइलने मुलं हुशार होतात’ असं म्हणाला, तर त्याचा धंदा काय आहे हे विचारणं रास्तच आहे, कारण तो तुम्हाला त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला सांगतो आहे. पण त्याच माणसाने आकडे दिले, ते कुठून घेतले ते सांगितलं आणि कुणालाही पडताळता येईल असं गणित मांडलं, तर त्याचा धंदा बाजूला ठेवून गणितच तपासावं लागतं. साक्ष तपासताना साक्षीदार बघायचा, गणित तपासताना गणित.

न्यायसूत्रांत, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, वादात हार ठरवणारी बावीस निग्रहस्थानं सांगितली आहेत. त्यांतलं एक आहे ‘निरनुयोज्यानुयोग’ : जिथे दोष नाही तिथे दोषाचा आरोप करणं. म्हणजे खोटा शिक्का मारणारा स्वतःच हरला, असा तो नियम. यादी पाठ करणाऱ्या प्रत्येकाने हे निग्रहस्थान त्या यादीच्या डोक्यावर लिहून ठेवावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : ‘मुलांचा गृहपाठ कमी करावा’ असं मी लिहिलं. उत्तर आलं, ‘म्हणजे मुलांनी अभ्यासच करू नये का?’ अशा वेळी काय लिहावं? आणि हेच आपल्या हातून होत असेल तर कसं ओळखावं?

उत्तर : बदललेले शब्द मोजा. ‘गृहपाठा’चा ‘अभ्यास’ झाला आणि ‘कमी’चं ‘अजिबात नाही’ झालं. दोन शब्दांत ध चा मा झाला आणि तुमच्या जागी एक बुजगावणं उभं राहिलं. त्याला पाडायला जोर लागत नाही, म्हणून तर ते उभं केलं जातं.

बुजगावणं बहुतेक वेळा प्रमाणाच्या शब्दांतून आत शिरतं. ‘काही’चं ‘सगळे’ होतं, ‘कधीकधी’चं ‘नेहमी’, ‘कमी’चं ‘बंद’, ‘असू शकेल’चं ‘आहेच’. वाक्याच्या सुरुवातीला ‘म्हणजे’ किंवा ‘थोडक्यात तुमचं म्हणणं असं की’ दिसलं, की पुढची ओळ सावकाश वाचा.

उत्तरात चिडचिड नको, आकडा द्या. ‘मी बंद म्हटलेलं नाही, कमी म्हटलंय. रोज दोन तासांऐवजी एक तास. या एका तासाला तुमचा आक्षेप आहे का?’ ‘कमी’ हा शब्द ताणता येतो, ‘एक तास’ ताणता येत नाही. पुष्कळदा समोरच्याने मुद्दाम काही केलेलं नसतं, आपलंच पहिलं वाक्य मोघम असतं. म्हणून एकदा शांतपणे दुरुस्त करावं. तरीही तोच ताणलेला अर्थ पुन्हा आला, तर तो हेतुपुरस्सर आहे असं धरायला हरकत नाही.

स्वतःला तपासायचं तर जुनी शिस्त वापरा : आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मग उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर. सभेला समजलेलं आणि तीनदा सांगितलेलं प्रतिपक्षाचं म्हणणं ज्याला पुन्हा उच्चारता येत नाही तो हरला, असं न्यायसूत्रं सांगतात. याला ‘अननुभाषण’ म्हणतात. आज हे सोपं आहे. समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं कॉपी करून आपल्या उत्तराच्या वर चिकटवा. मग आपलं उत्तर वाचा आणि ते वरच्या वाक्याला लागू पडतं का ते बघा. वरच्या वाक्यात नसलेला एखादा शब्द तुम्ही खोडत असाल, तर तो लगेच डोळ्यांत भरतो.

शब्दाचा अर्थच फिरवण्याची एक वेगळी तऱ्हा आहे, तिला वाक्छल म्हणतात. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण आजही पुरतं. कुणी म्हणतो, ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे याची घोंगडी नवी आहे. ऐकणारा ‘नव’चा अर्थ नऊ घेतो आणि म्हणतो, ‘खोटं! याच्याकडे एकच घोंगडी आहे.’ ‘सिद्धांत’, ‘नैसर्गिक’, ‘स्वातंत्र्य’ या शब्दांवरून होणाऱ्या वादांत हीच घोंगडी पुन्हा पुन्हा येते. उपाय एकच : ‘हा शब्द तुम्ही कोणत्या अर्थाने वापरता, एका ओळीत सांगा’ असं विचारायचं आणि आपलाही अर्थ तिथेच लिहायचा.

प्रश्न : कुटुंबाच्या ग्रुपवर मामांनी एक चित्र टाकलं : ‘रुग्णालयात दाखल १४ रुग्णांपैकी ९ जणांनी लस घेतलेली होती. मग लसीचा उपयोग काय?’ आकडे खरे असतील तर यात चूक काय?

उत्तर : आकडे खरे असूनही निष्कर्ष चुकीचा निघू शकतो, आणि खोट्या आकड्यांपेक्षा हे पकडणं अवघड असतं. इथे भागाकाराचा छेद गायब आहे. दाखल झालेले ९ आणि ५ दिसतात, पण कितीमधले ९ आणि कितीमधले ५, ते दिसत नाही.

समजावण्यासाठी एक काल्पनिक गणित मांडू. वस्ती १००० जणांची. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. लस घेतलेल्या ९०० पैकी ९ दाखल झाले, म्हणजे शंभरात १. न घेतलेल्या १०० पैकी ५ दाखल झाले, म्हणजे शंभरात ५. लस न घेतलेल्यांचा धोका पाचपट ठरला. तरीही वॉर्डात १४ पैकी ९, म्हणजे जवळपास ६४ टक्के, लसवालेच दिसतात, कारण मुळात वस्तीतच ते बहुसंख्य आहेत. कुणीच लस घेतली नसती, तर याच दराने १४ ऐवजी ५० जण दाखल झाले असते.

गट नीट पाडले नाहीत तर छेद माहीत असूनही फसगत होते. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पदव्युत्तर प्रवेशांत ८,४४२ पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि ४,३२१ स्त्री अर्जदारांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. यावरून स्त्रियांवर उघड अन्याय झाल्यासारखं दिसत होतं. पण विभागवार पाहिल्यावर चित्र पालटलं. सर्वांत मोठ्या सहा विभागांपैकी चार विभागांत स्त्रियांच्या प्रवेशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. एका विभागात तर पुरुषांचं ६२ टक्के आणि स्त्रियांचं ८२ टक्के होतं; पण तिथे ८२५ पुरुषांनी आणि अवघ्या १०८ स्त्रियांनी अर्ज केले होते. जिथे प्रवेश सोपा तिथे पुरुषांची गर्दी होती, आणि जिथे अवघड तिथे स्त्रियांचे अर्ज तुलनेने जास्त होते. लसीच्या आकड्यांतही वयानुसार गट पाडल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, कारण वयस्क मंडळी लस घेण्यातही पुढे असतात आणि दाखल होण्यातही.

मामांना हे ग्रुपवर, सगळ्यांसमोर सांगू नका. त्यांना स्वतंत्र मेसेज करा : ‘मामा, त्या चित्रात एक आकडा राहिलाय. एकूण किती जणांनी लस घेतली होती आणि किती जणांनी नाही, ते मिळालं तर आपण दोघं मिळून टक्केवारी काढू.’ चारचौघांत चूक मान्य करणं वडीलधाऱ्यांना जड जातं. छेद मात्र त्यांनी स्वतः शोधला, तर तो त्यांच्या कायम लक्षात राहतो.

प्रश्न : ‘हे औषध घेतलं आणि तीन दिवसांत सर्दी गेली’ यासारखे अनुभव शेकडो लोक लिहितात. शेकडो लोक खोटं बोलत असतील का?

उत्तर : खोटं कुणीच बोलत नसेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी तसं ते आहे. फक्त इथे ती गाठ योगायोगाने पडत नाही, ती पडणारच असते. साधी सर्दी साधारण सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. माणूस औषध घेतो ते त्रास सर्वांत वाढलेला असताना, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तिथून पुढे उतारच असतो. त्या दिवशी काहीही घेतलं, तरी श्रेय त्यालाच मिळतं. शिवाय ज्यांना गुण आला नाही ते लिहायला येत नाहीत, त्यामुळे अनुभव एकाच बाजूचे साठतात.

म्हणून ‘यानंतर हे झालं, म्हणून यामुळे झालं’ असं दिसलं की चार शंका तपासा. हे आपोआप होणारच होतं का? दोन्हींमागे तिसरंच एखादं कारण आहे का? कार्यकारण उलटं तर नाही? आणि ज्यांच्या बाबतीत घडलं नाही त्यांची मोजदाद कुणी केली का? या चौथ्या शंकेला सर्वांत कमी वेळा उत्तर मिळतं.

प्रश्न : मोठ्या शास्त्रज्ञाचं किंवा जागतिक संस्थेचं नाव पुढे आलं की आमच्यासारखे सामान्य लोक गप्प बसतात. तज्ज्ञाचा हवाला देणं हाही तर्कदोष म्हणतात. मग विश्वास कुणावर ठेवायचा?

उत्तर : तज्ज्ञाचा हवाला देणं हा दोष नाही. सगळं स्वतः तपासणं कुणालाच शक्य नसतं. दोष होतो तो एका क्षेत्रातला अधिकार दुसऱ्या क्षेत्रात वापरला तेव्हा, किंवा एकट्याचं मत त्या क्षेत्रातल्या एकूण पुराव्याच्या वर बसवलं तेव्हा. लायनस पॉलिंग यांना १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं नोबेल मिळालं. १९७० पासून ते जीवनसत्त्व ‘क’ मोठ्या मात्रेत घेतल्याने सर्दी टळते, असं ठामपणे मांडत राहिले. पुढे अकरा हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सर्वसामान्य लोकांत रोज ‘क’ जीवनसत्त्व घेतल्याने सर्दी होण्याचं प्रमाण घटलं नाही. प्रौढांत तिचा कालावधी सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाला, इतकंच. दोन नोबेल खरी होती, पण ती या प्रश्नाचा पुरावा नव्हती.

संस्थेचं नाव आलं की तिचे शब्द नेमके काय होते, ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये मोबाइलसारख्या उपकरणांच्या रेडिओलहरींना ‘२ बी’ गटात टाकलं. या गटाचा अर्थ ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’, म्हणजे पुरावा मर्यादित. पसरलं मात्र ‘मोबाइलने कर्करोग होतो हे सिद्ध झालं’. आणखी एक बारकावा असा, की हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. गट १ मध्ये, म्हणजे कर्करोगकारक ठरलेल्या गोष्टींत, सूर्यप्रकाशही आहे आणि प्लुटोनियमही. ‘एकाच गटात, म्हणून सारखेच घातक’ असं म्हणणं म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणं.

प्रश्न : एक गृहस्थ एका दमात वीस मुद्दे टाकतात. एकाला उत्तर दिलं की म्हणतात, ‘बाकीच्यांचं काय?’ आणि फारच अडचणीत आले की ‘मी तसं म्हटलंच नव्हतं’ म्हणून मोकळे होतात.

उत्तर : यात दोन वेगळ्या युक्त्या आहेत. वीस मुद्द्यांच्या भडिमाराला ‘गिश गॅलप’ म्हणतात. उत्क्रांतीच्या विरोधात वाद घालणारे ड्वेन गिश यांच्या शैलीवरून मानवशास्त्रज्ञ युजिनी स्कॉट यांनी १९९४ मध्ये हे नाव दिलं. खोटा मुद्दा लिहायला दहा सेकंद लागतात आणि तो खोडायला अर्धा तास, ही विषमता हेच या युक्तीचं बळ. वीसच्या वीस खोडायला बसलात, तर तुमचं उत्तर इतकं लांबतं की कुणी वाचत नाही, आणि विसाव्या मुद्द्यात तुमची एक जरी चूक झाली तरी पुढचा सगळा वाद तिच्यावरच होतो. त्यापेक्षा निवड त्यांच्यावर सोपवा : ‘यातला तुमच्या मते सर्वांत भक्कम मुद्दा कोणता? तो चुकीचा निघाला तर तुमचं मत बदलेल का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर तो मुद्दा त्यांच्या मताचा आधारच नव्हता, हे त्यांनीच सांगितलं. उत्तर ‘हो’ आलं, तर तेवढ्या एकाच मुद्द्यावर बोला. स्वतःच कमकुवत मुद्दा निवडून खोडू नका. ते पुन्हा बुजगावणंच होतं.

दुसरी युक्ती माची आणि बालेकिल्ल्याची. तत्त्वज्ञ निकोलस शॅकल यांनी २००५ मध्ये मध्ययुगीन युरोपी गढीच्या रचनेवरून तिला नाव दिलं, पण आपल्याकडच्या किल्ल्यांच्या शब्दांत ती लगेच कळते. मोठा, धाडसी दावा ही माची : पसरट, राहायला छान, राखायला अवघड. हल्ला झाला की माणूस बालेकिल्ल्यात शिरतो. बालेकिल्ला म्हणजे छोटा, कुणीही मान्य करील असा दावा. ‘औषधं हा सगळा फसवणुकीचा धंदा आहे’ ही माची. पुरावा मागितला की ‘औषध कंपन्या नफा कमावतात एवढंच मी म्हणतोय’ हा बालेकिल्ला. वादळ शांत झालं की पुन्हा माचीवर. दाव्याला असं नवं विशेषण जोडून निसटण्याला न्यायसूत्रांत ‘प्रतिज्ञान्तर’ हे नाव आहे. यावर उपाय सुरुवातीलाच करायचा असतो. पहिल्याच उत्तरात त्यांचा दावा एका वाक्यात लिहून ‘हेच तुमचं म्हणणं ना?’ असं विचारा आणि होकार येईपर्यंत पुढे जाऊ नका. नंतर ते निसटले, की तो होकार त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, ‘मोठा दावा मागे घेतलात असं समजू का?’

प्रश्न : ‘आज हे चालवून घेतलं तर उद्या ते होईल’ हा घसरगुंडीचा युक्तिवाद नेहमीच चुकीचा असतो का?

उत्तर : नाही. मधल्या पायऱ्या दाखवल्या आणि प्रत्येक पायरी का घडेल त्याचं कारण दिलं, तर तो रास्त इशारा असतो. कारण न देता पहिल्या पायरीवरून थेट तळाशी उडी मारली की तो दोष. शंका आली तर गुणाकार करा. चार पायऱ्या, प्रत्येक घडण्याची शक्यता ७० टक्के आणि एकीचा दुसरीवर परिणाम नाही असं धरलं, तरी चारही घडण्याची शक्यता २४ टक्केच उरते. शितावरून भाताची परीक्षा हीसुद्धा अशीच, कधी रास्त तर कधी सदोष. पातेल्यात सगळी शितं सारखी शिजलेली असतात म्हणून तिथे ती चालते. माणसं एका आचेवर शिजलेली नसतात, म्हणून दोघांच्या वागण्यावरून त्यांच्या सगळ्या समाजाबद्दल बोलता येत नाही.

प्रश्न : समोरच्याचा युक्तिवाद सदोष आहे हे स्पष्ट झालं, तरी तो मानत नाही. मग कुठे थांबायचं?

उत्तर : आधी एक खात्री करून घ्या. युक्तिवाद सदोष ठरला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला, असं होत नाही. ‘माझ्या आजोबांना तंबाखूने कर्करोग झाला, म्हणून तंबाखू घातक’ हा एका माणसावरून काढलेला निष्कर्ष आहे, युक्तिवाद कच्चा आहे. पण तंबाखू घातक आहेच. तेव्हा ‘तुमचं हे कारण पुरेसं नाही’ इतकंच म्हणण्याचा अधिकार तुम्हाला मिळतो. ‘तुमचं म्हणणं खोटं आहे’ म्हणायला वेगळा पुरावा लागतो, आणि तो तुम्ही द्यायचा असतो.

मग वाद कोणत्या जातीचा आहे ते बघा. न्यायसूत्रांच्या भाषेत, सत्य शोधण्यासाठी दोन्ही बाजू कारणं देतात तो खरा ‘वाद’. जिंकण्यासाठी छळकपट चालतं तो जल्प. स्वतःची काहीच बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडायचं ती वितंडा. ओळखायला एक प्रश्न पुरतो : ‘काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल?’ हा प्रश्न विचारण्याआधी त्याचं स्वतःचं उत्तर लिहा, खरंखुरं, पडताळता येईल असं. समोरून तसंच उत्तर आलं, तर पुढे बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ‘काहीही दिसलं तरी नाही’ असं आलं, किंवा प्रश्नाला दोनदा बगल दिली गेली, तर शेवटचं उत्तर त्यांच्यासाठी लिहू नका, गप्प राहून वाचणाऱ्यांसाठी लिहा. त्यात चार ओळी असाव्यात : त्यांचा दावा त्यांच्याच शब्दांत, त्यांचं कारण, सांधा कुठे तुटतो ते, आणि पडताळता येईल असा एक आकडा. त्यानंतर त्या धाग्याच्या सूचना बंद करा.